गावची कथा आणि पडद्यावरची कथा

श्रोतेहो, वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग नावाचे मोठे बाजाराचे गाव आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे तिथे जाणे-येणे असेल, काहींची सोयरीकही असेल. या गावाचे नाव शृंगऋषीवरून पडले असे सांगतात. गावात शृंगऋषीचे देऊळही आहे. आता हा शृंगऋषी कोण, असे शाळेतल्या एखाद्या मुलाला विचारून पहा. उत्तर बहुधा असे येईल, की दशरथ राजाचा पुत्रकामेष्टी यज्ञ ज्याने केला तो. कुठे वाचलेस म्हणून विचारले, तर मुलगा म्हणेल, वाचलं नाही, टीव्हीवर पाहिलं.

उत्तर बरोबर आहे. पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे कुठे गेले, आणि ते राखून ठेवण्याचे काम कोणाचे, हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आधी ती उरलेली अर्धी कथा ऐका. महाभारताच्या वनपर्वात लोमश ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. विभांडक नावाचा एक तपस्वी होता. त्याचा मुलगा हरिणीच्या पोटी जन्मला, म्हणून त्याच्या डोक्यावर एक शिंग होते. त्यावरून त्याचे नाव पडले ऋष्यशृंग. बापाने त्याला रानातच वाढवले. बापाशिवाय दुसरे माणूस त्याने कधी पाहिले नव्हते. स्त्री म्हणून काही असते, हेही त्याला ठाऊक नव्हते.

इकडे अंग देशात रोमपाद राजाच्या राज्यात पाऊस पडेना. का पडेना? तर राजा ब्राह्मणाशी खोटे वागला, त्यामुळे पुरोहित त्याला सोडून गेले आणि इंद्राने पाणी आवरून धरले. जाणत्यांनी सांगितले, की ज्याने कपट कधी पाहिलेच नाही असा तो ऋषिकुमार राज्यात आला, तरच पाऊस येईल. मग राजाने गणिका पाठवल्या. त्यांनी नावेवर झाडे-वेली लावून तरंगता आश्रम उभा केला, आणि तो विभांडकाच्या आश्रमाजवळ नेऊन बांधला. बाप बाहेर गेलेला पाहून त्यांच्यातली एक मुलाला भेटली. त्याला वाटले, हा कोणी निराळ्या रीतीचा तपस्वीच आहे. तिने दिलेले खाऊचे पदार्थ त्याला नव्या तऱ्हेची फळे वाटली. तिच्या हातातला चेंडूही त्याला फळासारखाच दिसला. बाप परत आला तेव्हा मुलाने त्या सुंदर 'तपस्व्या'चे भाबडेपणाने वर्णन केले. बाप काय ते समजला. पण पुढे एके दिवशी मुलगा नावेवर गेलाच. त्याने राज्यात पाऊल ठेवले आणि पाऊस कोसळला. राजाने आपली मुलगी शांता त्याला दिली.

आता शेतकऱ्याने विशेष लक्ष द्यावे असा भाग पुढेच आहे. विभांडक रागाने लाल होऊन अंग देशाकडे निघाला. राजाने आधीच शहाणपणा केला होता. वाटेवर जागोजागी गाईगुरे ठेवली, शेते नांगरून ठेवली, गुराख्यांना आणि नांगऱ्यांना शिकवून ठेवले. ऋषी थकून-भागून गौळवाड्यावर आला, की लोक त्याचा आदरसत्कार करत. हे कोणाचे, असे त्याने विचारले, की म्हणत, महाराज, ही गुरे आपल्या मुलाची, ही शेतेही त्याचीच. असे ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा राग निवाला. ज्याला शाप द्यायचा त्याच्या दारी तो सासऱ्याच्या तोऱ्यात पोहोचला.

ही गोष्ट मुळात पावसाची आहे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. दशरथाचा यज्ञ नंतरचा. हा माणूस पाऊस आणतो, ओस पडलेली भूमी फळाला आणतो, म्हणूनच तर निपुत्रिक राजाने त्याला बोलावले. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडातही सुमंत्र दशरथाला आधी अंग देशातल्या अवर्षणाची हकीकत सांगतो आणि मग ऋषीला आणण्याचा सल्ला देतो. पहिला दुवा काढून टाकला, तर दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

या गोष्टीने प्रवास तरी किती केला! बौद्धांच्या जातककथांत हाच ऋषी इसिसिंग या नावाने येतो. जपानात त्याचे नाव पडले इक्काकू सेन्निन, म्हणजे एका शिंगाचा ऋषी. तिथल्या जुन्या नो रंगभूमीवर त्याच्यावर नाटक आहे. त्यात तो पाऊस पाडणाऱ्या नागदेवतांना कोंडून ठेवतो, आणि एका स्त्रीच्या मोहाने त्याची तपश्चर्या भंगली की त्या मोकळ्या होतात. आपल्या देशात कर्नाटकात शृंगेरीजवळ किग्गा येथे ऋष्यशृंगाचे देऊळ आहे आणि लोक तिथे पावसासाठी नवस करतात. छत्तीसगडात सिहावा येथे, महानदीच्या उगमापाशी, त्याचा आश्रम दाखवतात. हिमाचलात कुलूकडच्या बंजार खोऱ्याचा तर तो ग्रामदेवच आहे. आणि वऱ्हाडात आहे आपले अनसिंग. सोयाबीन आणि तूर पेरून मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखात पावसाच्या ऋषीचे नाव गावाला असावे, हे किती साजेसे आहे!

आता दूरचित्रवाणीकडे वळू. रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका 25 जानेवारी 1987 रोजी दूरदर्शनवर सुरू झाली आणि 31 जुलै 1988 पर्यंत चालली. तिचे भाग होते 78. रविवारी सकाळी गावातल्या ज्या एका घरी टीव्ही असे, तिथे ओसरीपासून रस्त्यापर्यंत माणसे बसत. काही ठिकाणी संचाला हार घालत, उदबत्ती लावत. त्या मालिकेने थोडे काम केले असे कोणी म्हणू नये. ज्या घरात पोथी नव्हती, ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांच्यापर्यंत संपूर्ण रामकथा सलग पोहोचली. 2020 मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत ती पुन्हा दाखवली, तेव्हा नातवंडांनी आजोबांच्या शेजारी बसून ती पाहिली.

या मालिकेच्या सुरुवातीला आधारग्रंथांची नावे येत. वाल्मीकी आणि तुलसीदास यांच्या जोडीला तमिळ कंबाचे रामायण होते, बंगाली कृत्तिवासाचे होते आणि आपल्या नाथमहाराजांचे भावार्थ रामायणही होते. म्हणजे रामायण एक नाही, अनेक आहेत, हे मालिका करणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. पण पडद्याची अडचण अशी, की त्यावर एका वेळी एकच चित्र दिसते. कीर्तनकार सांगू शकतो, की वाल्मीकी असे म्हणतात आणि नाथ तसे म्हणतात. नटाला दोन्ही प्रकारे एकदम वागता येत नाही. कोणती तरी एक वाट धरावीच लागते. म्हणून शृंगऋषी यज्ञापुरता आला आणि अवर्षणाची कथा मागे राहिली. यात कोणाचा दोष नाही. दोष तेव्हा होतो, जेव्हा पाहणारा समजतो, की दाखवले तेवढेच आहे.

आणि पाहणाऱ्याला काही बोलता येत नाही असेही समजू नका. रावणवध आणि राज्याभिषेक करून मालिका संपायची होती. तेव्हा 1988 साली पंजाबात जालंधरकडच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. वाल्मीकी ऋषींना ते आपला आद्यपुरुष मानतात, आणि वाल्मीकींचा आश्रम तर उत्तरकांडात येतो. तो भाग गाळून कथा पुरी कशी होईल, असे त्यांचे म्हणणे. शेवटी लव-कुशांचा भाग निराळी मालिका म्हणून दाखवण्यात आला. कथेतला आपला वाटा आपण मागितला, तर तो मिळतो, हे त्या कष्टकरी माणसांनी दाखवून दिले.

आपल्या विदर्भात अशीच एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याही पडद्यावर सहसा येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी म्हणून गाव आहे. तिथे सीतेचे देऊळ आहे. गावची कथा अशी, की टाकून दिलेली सीता इथे आली, इथेच तिला लव-कुश झाले. बाळंतिणीने गावात पसाभर गहू मागितले, ते कोणी दिले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला, की या गावात गहू पिकणार नाही. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांना ही कथा फार मोलाची वाटली. बायकोच्या नावावर जमीन करून द्या, अशी लक्ष्मीमुक्तीची चळवळ त्यांनी चालवली, तिच्यामागे हाच विचार होता. घराबाहेर काढलेल्या बाईला स्वतःचे वावर असते, तर तिला पसाभर गव्हासाठी कोणापुढे हात पसरावा लागला नसता. या देवळाच्या जीर्णोद्धारातही त्यांचा पुढाकार होता. बघा, गावच्या एका लहानशा कथेत केवढा विचार दडलेला असतो! राजवाड्यातले रामायण सर्वांना ठाऊक आहे. पसाभर गव्हाचे रामायण फक्त रावेरीला ठाऊक होते.

मग लोककथा पडद्यावर येतच नाही की काय? येते. झी मराठी वाहिनीवर मे 2014 पासून एप्रिल 2017 पर्यंत चाललेली 'जय मल्हार' ही मालिका आपण पाहिली असेल. खंडोबाची कथा तिने घरोघरी नेली. या कथेचे दोन धागे आहेत. एक 'मल्हारी माहात्म्य' या संस्कृत ग्रंथाचा. त्यात मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध आहे. दुसरा धागा वाघ्या-मुरळींच्या जागरणाचा आणि धनगरांच्या ओव्यांचा. त्यात वाण्याची म्हाळसा आहे आणि चंदनपुरीच्या धनगराची बाणू आहे. बाणूसाठी देव धनगराच्या घरी चाकर होऊन मेंढरे राखतो. दोन बायकांचे भांडण, देवाची तारांबळ, हे सारे लोकगीतांचे धन. मालिकेला तीन वर्षे पुरेल इतका जिवंत संसार पोथीपेक्षा या गाण्यांनीच पुरवला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. गुंथर सोन्थायमर नावाचा जर्मन विद्वान धनगरांच्या वाड्यांवर हिंडून या ओव्या गोळा करत राहिला, त्याला यातले मोल कळले होते. आपल्या रा. चिं. ढेरे यांनीही खंडोबावर ग्रंथ लिहिला. असे लोक नसते आणि जागरण घालणारी घराणी नसती, तर मालिका लिहिणाऱ्याने काय केले असते? जे नाही ते मनाने रचले असते.

हे नुसते बोलणे नाही. असे एका दूरच्या देशात खरोखर घडले आहे. इंग्रजांच्या मुलखात आर्थर नावाच्या राजाची कथा फार प्रसिद्ध आहे. तळ्यातून मिळालेली तलवार, मर्लिन नावाचा जादूगार, गोल मेजाभोवती बसणारे वीर, अशी ती कथा. तिचे मूळ इंग्रजांचेही नव्हे. त्यांच्या आधी त्या बेटावर राहणारे जे केल्टिक लोक, त्यांच्यापैकी वेल्स प्रांतातल्यांची ती. वेल्सच्या एका जुन्या कथेत आर्थर आपले लोक घेऊन एका भयंकर रानडुकराच्या मागे लागतो. ते डुक्कर म्हणजे पापामुळे डुक्कर झालेला एक राजा, आणि त्याच्या दोन कानांमध्ये कंगवा आणि कातर असते. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेले ज्यांनी पाहिले आहे, त्या आपल्या शेतकऱ्याला हा आर्थर चटकन आपला वाटेल. पुढे 1136 च्या सुमारास मॉन्मथच्या जेफ्रीने लॅटिनमध्ये त्याला मोठा सम्राट केले. फ्रेंच कवींनी त्यात प्रेमकथा घातल्या. मॅलरीने सारे एकत्र केले, आणि ते पुस्तक 1485 साली छापून निघाले. रानडुकराचा आर्थर मागे पडला, दरबारी आर्थर उरला.

आता बीबीसीने 2008 ते 2012 या काळात 'मर्लिन' नावाची मालिका केली. तिचे 65 भाग झाले. जुन्या कथांत मर्लिन आर्थरपेक्षा वडील, त्याच्या जन्माच्याही आधीचा. मालिकेत तो तरुण पोर होऊन आर्थरची चाकरी करतो. त्यात एक 'जुना धर्म' दाखवला आहे. त्याला भरणा हवा म्हणून आयर्लंड-स्कॉटलंडकडची थंडीची म्हातारी देवी आणली, आयर्लंडचे यक्षलोक आणले, हिवाळ्याच्या तोंडी येणारा त्यांचा जुना सण आणला, आणि तिहेरी देवीची कल्पनाही घातली. ही तिहेरी देवी ज्या रूपात आज लोकांना माहीत आहे, ते रूप रॉबर्ट ग्रेव्ह्ज या कवीच्या 1948 सालच्या पुस्तकाने रूढ केले. म्हणजे चार ठिकाणचे तुकडे आणि कालपरवाची कल्पना एकत्र शिवून तो 'जुना धर्म' तयार झाला.

त्यांनी असे का केले? हौस म्हणून थोडे. पण मोठे कारण निराळेच आहे. ते सांगणारे लोक केव्हाच नाहीसे झाले होते. वेल्सच्या कथांचे जे दोन मोठे हस्तलिखित ग्रंथ हाती आहेत, ते चौदाव्या शतकातले आणि त्याच्या अखेरीअखेरीचे. त्यात जेवढे कोणी लिहून ठेवले तेवढे वाचले. बाकीचे म्हाताऱ्यांबरोबर मातीत गेले. जिथे सांगणारा उरत नाही, तिथे कॅमेरावाला सांगतो. आणि तो काहीही सांगू शकतो, कारण 'बाबा रे, आमच्याकडे असं नाही' म्हणणारे कोणी उरलेले नसते.

श्रोतेहो, आपली स्थिती त्यांच्यापेक्षा फार बरी आहे. आपल्याकडे असे म्हणणारी माणसे अजून ओसरीवर बसलेली आहेत. पण ती ऐंशीच्या घरात आहेत.

कथा नव्याने सांगू नये, असा माझा मुळीच आग्रह नाही. आपला वाशीम जिल्हा तर नव्याने सांगणाऱ्यांचाच. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. तिथल्या सर्वसेन राजाने चौथ्या शतकात 'हरिविजय' नावाचे प्राकृत काव्य रचले. रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, ही जुनीच कथा त्याने नव्याने, लोकांच्या जवळच्या भाषेत सांगितली. आज ते काव्य पूर्ण मिळत नाही. नंतरच्या पंडितांनी आपल्या ग्रंथांत जे श्लोक उतरून घेतले, तेवढेच हाती राहिले. राजाचे काव्यसुद्धा कोणीतरी उतरून घेतले म्हणून उरले! मग आपल्या आजीच्या कथेचे काय?

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना एक काम सुचवतो. याला पैसा लागत नाही. वरच्या वर्गातल्या मुलांना एक साधी वही करायला सांगा. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात पोथीपुराणातली कथा, दुसऱ्यात पडद्यावर पाहिलेली आणि तिसऱ्यात आपल्या गावात सांगतात ती. शृंगऋषीपासून सुरुवात करा. ज्या गावी तो नसेल, तिथे तुमचा मारुती, तुमची मरीमाय, तुमच्या शिवारातली एखादी देवराई किंवा दगडही चालेल. तिन्ही रकाने शेजारी-शेजारी आले, म्हणजे कुठे काय वाढले आणि काय गळाले ते मुलांना आपोआप दिसते. हा भाषेचा धडा आहे, तसाच विचार करण्याचाही आहे.

तिसरा रकाना भरताना मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. कथा कोणी सांगितली, त्यांचे वय काय, त्यांनी कोणाकडून ऐकली आणि कोणत्या तारखेला लिहून घेतली, हे आधी लिहा. सांगणाऱ्याची परवानगी घ्या. हल्ली घरोघर मोबाइल आहे, त्यावर आवाज भरून ठेवता येईल, पण वहीत लिहायचे टाळू नका. सांगणारी वऱ्हाडीत बोलली, तर वऱ्हाडीतच लिहा. ती 'पानी' म्हणाली, तर त्याचे 'पाणी' करू नका. मध्येच 'आजी, टीव्हीवर तर असं दाखवलं' म्हणून तिला दुरुस्त करू नका. ती बिचारी गप्प बसेल, आणि एकदा गप्प बसली, की पुन्हा बोलणार नाही. दोघींनी दोन तऱ्हांनी सांगितले, तर दोन्ही लिहा. आणि बायकांना विसरू नका. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. पुरुषांच्या पोथीत न आलेली सीता त्या ओव्यांत भेटते.

आणखी एक इशारा. कथा लिहायची ती कथा म्हणून. शृंगऋषी आमच्याच गावचा आणि बाकीच्यांचा खोटा, असल्या वादात मुलांना पाडू नका. किग्गा, सिहावा, बंजार आणि अनसिंग, चारही गावांना तो आपला वाटला, यातच त्याचा मोठेपणा आहे. ज्या-ज्या गावाने आभाळाकडे पाहून पावसाची वाट पाहिली, त्याने त्याला आपल्या शिवारात बोलावले. इतिहासाचा पुरावा निराळा आणि लोकांचा जिव्हाळा निराळा. दोघांनाही आपापल्या जागी मान द्यावा.

रात्री टीव्ही जरूर पहा. चांगली मालिका असेल, तर सर्वांनी मिळून पहा. पण ती संपल्यावर संच बंद करा आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, की तुमच्या लहानपणी ही गोष्ट कशी सांगत होते? मुलांना शेजारी बसवून घ्या, आणि एकाच्या हाती वही द्या. पेरणीनंतर पावसाची वाट पाहत बसायचे चार दिवस या कामाला फार चांगले.